दव सुकेपर्यंत

सकाळी दोरीवरचे कपडे काढायला अंगणात गेले, तर माझ्या निळ्या पातळाच्या काठाला कापसाचा एक पुंजका चिकटलेला दिसला. एवढासा. मांजराच्या पिलाच्या कानाएवढा. मी त्याला म्हटलं, आलास का रे बाबा तू?

वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या नालवाडीत आता शेतं फारशी दिसत नाहीत. चहूकडे घरं, घरांवर पाण्याच्या टाक्या, टाक्यांवर कबुतरं. पण दिवाळीच्या आगेमागे मोठ्या रस्त्यानं कापूस भरलेल्या गाड्या जिनिंगच्या कारखान्यांकडे जायला लागतात, आणि मग महिना-दोन महिने हवेत हे असं पांढरं पांढरं काहीतरी तरंगत राहतं. रस्त्याकडच्या बाभळींना कापूस लागतो. काट्याकाट्याला एकेक पुंजका. लांबून पाहिलं तर वाटावं, बाभळीला यंदा पिवळ्याऐवजी पांढरी फुलं आली. शेत असं उडत उडत माझ्या दारी येतं आणि माझं काहीतरी होऊन जातं. चहा गार होतो. कपडे दोरीवरच राहतात.

तो पुंजका घेऊन मी ओट्यावर बसले. रस्त्यावरून आलेला, की गेल्या आठवड्यात भावाच्या शेतातून माझ्याच पातळाला धरून आलेला, कोण जाणे. बोटांनी चाचपला तर आत सरकी लागली. सरकी म्हणजे कापसाचं बी. एवढंसं बी, पण ते हाताला लागलं की मला जुनं सगळं एकदम दिसतं. पुढचं मागे, मागचं पुढे. तेव्हा मी सांगेन तसं ऐका, नीट ओळीनं सांगायला मला कधी जमलेलं नाही. आणि हो, आमच्या बोलीतलं 'मले' सोडून मी लिहिताना 'मला' लिहिते. ती सवय कशी लागली, तेच तर सांगायचं आहे.

माझे बाबा गिरडच्या अलीकडच्या एका खेड्यात शेती करायचे. आमच्या बांधावर उभं राहिलं की टेकडीवरचा दर्गा दिसायचा. पहाटेच्या धुक्यात टेकडी गायब व्हायची आणि नुसता दर्गाच वर, आभाळात ठेवल्यासारखा. मी लहानपणी समजत असे की तो रात्री वर जातो आणि ऊन पडलं की हळूहळू खाली येऊन बसतो. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "मंग?" म्हणाले.

वेचणीच्या दिवसांत सकाळी लवकर शेतात जायचं, पण लगेच वेचायला लागायचं नाही. दव असतं. ओला कापूस घरी नेऊन ढीग घातला की आतल्या आत तापतो, पिवळा पडतो. म्हणून दव सुकेपर्यंत बांधावर बसायचं. ते बसणं मला अजून दिसतं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळीच्या ओळी, दोन झाडांमध्ये कोळ्यांची जाळी, जाळ्यांवर पाण्याचे मणी. तुरीच्या पानांचा कडवट हिरवा वास. आईच्या फडक्यातल्या भाकरीची ऊब मांडीला लागलेली. सगळं शेत पांढरं, पण ओलं पांढरं, झोपेतून पुरतं न उठलेलं. बाबा मधूनच उठायचे आणि एखाद्या बोंडाला हाताची पालथी बाजू लावायचे. ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला लावावी तशी.

"आणखी जराक," म्हणायचे.

"काऊन जी बाबा? आताच वेचला तं काय होते?"

"त्याचं बोलणं व्हाचं हाय अजून. होऊ दे."

मला तेव्हा खरंच वाटायचं की कापूस बोलतो. कान देऊन बसायची मी.

आणि त्या बसण्यात मी बोलत असे. बापरे, काय बोलत असे! कोल्हा चपला घालून चालला होता. विहिरीत चंद्र पडला म्हणून बेडूक रडत होता. बाबा पुढे पाहत ऐकायचे, आणि मी थांबले की एकच शब्द. "मंग?" खरं का खोटं, त्यांनी कधी विचारलं नाही. नुसतं "मंग?" म्हणून थांबून राहायचे. मला पुढचं सुचेपर्यंत थांबायचे. दव सुकायला थांबत, तसेच.

आई चिडायची. "पुरे करा जी आता! तुमच्या मंगानं ह्या पोट्टीचं तोंड कालव्यावाणी झालं. बंदच नाई होत."

"वाहू दे नं. पाणीच हाय," बाबा म्हणायचे.

आज मी चौथी शिकलेली बाई वह्याच्या वह्या भरते, शेजारच्या सुना-लेकी गोष्टी ऐकायला माझ्यापाशी बसतात, ते सगळं त्या एका शब्दावर उगवलेलं आहे. आईनंही काहीतरी दिलं. तिची एक बहीण लहानपणी विहिरीत पडून गेली होती. आई आम्हाला विहिरीचं काहीच सांगायची नाही, पण विहिरीपाशी आली की माझं मनगट धरायची आणि तिची बोटं गार पडायची. आज सत्तरीतही मला विहिरीत वाकून पाहवत नाही. गंमत पुढेच आहे. माझ्या मुलालाही पाहवत नाही. त्याला ही गोष्ट कोणी सांगितलेलीच नाही. मग ती त्याच्यापर्यंत गेली कशी? माझ्या बोटांतून गेली असेल. दुसरी वाट नाही.

पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. एका भरल्या पऱ्हाटीखाली पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, पहिल्या बोंडाचा कापूस त्या झाडालाच गुंडाळायचा. घरोघरची रीत जरा निराळी. आमच्या घरात, सगळ्यात लहान बोलतं लेकरू झाडापुढे ओटी पसरून उभं राहायचं आणि मागायचं. मोठ्यानं, बांधापर्यंत जाईल असं.

"मले दे, पाखराले दे, वाटसराले दे!"

ते मागितल्याशिवाय कोणी बोंडाला हात लावायचा नाही. सगळी मोठी माणसं एवढ्याशा लेकराच्या तोंडाकडे पाहत उभी. काय रुबाब असायचा! मी पाच-सहा वर्षं मागितलं. मग माझा धाकटा भाऊ मनोहर बोलायला लागला आणि माझी नोकरी गेली. मी दोन दिवस जेवले नव्हते. मनोहरला पुढे मिसरूड फुटलं तरी तोच मागत होता, कारण त्याच्यामागून घरात कोणी आलंच नाही. घोगऱ्या आवाजात "मले दे" म्हणायचा आणि बाया तोंडाला पदर लावायच्या.

लग्न होऊन मी नालवाडीत आले. यांची वर्ध्याला कचेरीत नोकरी. शेजारी एक साहेबीण राहायच्या, पुण्याकडच्या. स्वभावानं चांगल्या होत्या, उगीच कशाला खोटं बोलू. संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. तिळगुळाचं ताट फिरून पुन्हा माझ्यापुढे आलं, तेव्हा मी म्हटलं, "मले नको जी. मले भेटला."

"भेटला? तिळगूळ भेटला? कुठं भेटला हो, रस्त्यात?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्यांच्यात वस्तू मिळते आणि माणूस भेटतो. आमच्यात दोन्ही भेटतात. एवढंच. पण घरी येऊन स्टोव्हला पंप मारताना मी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. मला. मला मिळाला. पंपाच्या प्रत्येक दाबाबरोबर एकेकदा. मला, मला, मला. स्टोव्ह पेटून भणभणायला लागला तरी माझं चालूच.

पुढं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचले. नितीन, माझा मुलगा, शाळेत जायला लागल्यावर त्याची पुस्तकं त्याच्याआधी मी वाचायची. त्यातली भाषा मी अंगाला लावून घेतली, नवं लुगडं नेसावं तशी, सारखी खाली बघत, कुठं सुटलं तर नाही ना. आणि ठरवलं, माझ्या पोराला कोणी हसायचं नाही.

बाबा दरवर्षी वातींसाठी पिशवीभर कापूस पाठवायचे. दुपारी मी सरकी काढून वाती वळत बसायची. त्या सरकीवरून मला युक्ती सुचली. मधाची एक रिकामी बाटली धुऊन फळीवर ठेवली. घरात जो 'मले-तुले' म्हणेल, 'काऊन' म्हणेल, 'करून राह्यलो' म्हणेल, त्यानं एक सरकी बाटलीत टाकायची. शिक्षा काही नाही. मारणं नाही, ओरडणं नाही. मला वाटायचं, मी किती शहाणी आई.

हे म्हणायचे, "अवं, हा खेळ हाय का कोर्ट हाय?" आणि आपली सरकी टाकून हसत कचेरीत जायचे.

नितीन हसायचा नाही. तो सहा वर्षांचा. शाळेतून पळत यायचा, "आई, मले आज..." म्हणायचा, आणि थबकायचा. फळीकडे बघायचा. मुकाट्यानं स्टुलावर चढून सरकी टाकायचा. सरकीला बारीक लव असते, तिचा आवाज तो कितीसा. पण त्याला तो ऐकू यायचा, हे मला दिसायचं. सरकी टाकून खाली उतरेपर्यंत शाळेत काय झालं ते सांगायचं राहूनच जायचं.

हळूहळू बाटलीत भर पडायची थांबली. मी खूश झाले. पोरगं शुद्ध बोलायला लागलं. फक्त बोलण्याआधी ते थांबायचं. वाक्य आतल्या आत एकदा म्हणून बघायचं, धुवायचं, आणि मग बाहेर काढायचं. मला ते शहाणपण वाटलं. शेजारीण म्हणाली, किती विचार करून बोलतो हो तुमचा मुलगा! मी ते शब्द कितीतरी दिवस जपून ठेवले होते.

त्या वर्षी आम्ही वेचणीला गावी गेलो. नितीन आता सात वर्षांचा. तीन वर्षांचा असल्यापासून मागण्याचा मान त्याचाच होता. खडे मांडले, दहीभात ठेवला, ऊन पऱ्हाटीच्या कमरेपर्यंत आलं. बाबा म्हणाले, "चाल बापू, माग."

नितीननं सदऱ्याची ओटी केली. तोंड उघडलं. आणि माझ्याकडे पाहिलं.

मी डोळे मोठे केले का, हे मला आजही नक्की आठवत नाही. केले असतील. आईचे डोळे तिला विचारून थोडेच मोठे होतात. पोर तिथं दोन शब्दांच्या मध्ये अडकून उभं राहिलं. 'मले' म्हणावं तर आई, 'मला' म्हणावं तर आबाजी, त्याचे आजोबा, आणि समोर ते झाड. कुठूनसं एक पाखरू येऊन बांधावर बसलं आणि उडून गेलं. आई पुटपुटली, "ऊन चढून राह्यलं." तेव्हा बाबा पुढे आले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आपल्या धोतराचा सोगा पसरला, आणि साठीच्या त्या माणसानं लहान लेकरासारखं मागितलं. मले दे, पाखराले दे, वाटसराले दे.

पीक जसं यायचं तसंच आलं. पऱ्हाटी काही रुसली नाही. पण बाबा मात्र बदलले, असं मला वाटलं. पुढच्या दिवसांत ते आणि नितीन ओसरीवर बसलेले असायचे, काहीतरी कुजबुज चाललेली असायची, आणि मी दारात आले की दोघं गप्प. बाबा उगीच सुतळी वळायला घ्यायचे. मी समजले, बाबांना राग आला. किंवा साहेबासारखं बोलणाऱ्या नातवाचा त्यांना संकोच वाटतो. माझं मला दुखलं. पण विचारलं नाही. पुढे विचारू, म्हटलं. मग बाबा गेले. त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली.

नितीन मोठा झाला, पुण्याला मोठ्या कंपनीत लागला. गुणी मुलगा. दर रविवारी फोन करतो. पण त्याच्या 'हॅलो'नंतर एक मोकळी जागा असते. फार मोठी नाही. एक सरकी बाटलीत पडायला लागेल एवढीच. चाळीस वर्षं मी ती जागा ऐकते आहे, आणि दरवेळी घाईघाईनं माझ्याच बोलण्यानं ती भरून टाकते.

ह्या गणपतीत सुनेचा फोन आला. मृणाल तिचं नाव, साताऱ्याकडची, सरळ मनाची पोरगी.

"आई, एक विचारू? नितीन लहानपणी असाच होता का?"

"असा म्हणजे कसा गं?"

"आर्वीसारखा. तिला सगळं येतं हो. वर्गात मॅडम विचारतात, ती उभी राहते आणि थांबते. तिचं वाक्य येईपर्यंत मॅडम पुढच्या बाकावर गेलेल्या असतात. एवढी मुलं असतात, मॅडमचं तरी काय चुकलं? पण आता ती उभीच राहत नाही, आई. येत असलं तरी खाली बघून बसते. घरात तिला कुणी रागावत नाही. मग हे आलं कुठून?"

मी नेहमीची बोलकी बाई. 'बघते हं,' एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

आर्वी माझी नात. सात वर्षांची. तिनं ती बाटली कधी पाहिलेली नाही. तिला 'मले' ठाऊक नाही आणि 'मला'ची भीतीही नाही. पण बापाच्या बोलण्यातली ती मोकळी जागा ती जन्मल्यापासून रोज ऐकते आहे. तिला वाटलं असेल, बोलणं असंच असतं. आधी थांबायचं, मग जमलं तर बोलायचं. आपण समजतो, आपण शिकवतो ते लेकरं शिकतात. ती आपलं अडखळणं आधी उचलतात. आईच्या गार बोटांतून माझ्याकडे विहीर आली, तशी माझ्या फळीवरून ती बाटली पुण्यातल्या त्या वर्गात जाऊन पोचली होती.

बाटली अजून माझ्याकडेच होती. सगळ्यात वरच्या फळीवर, मोठ्या डब्यांच्या मागे. का ठेवली होती म्हणाल तर सांगता येणार नाही. फेकायला हात होत नव्हता एवढं खरं. फोन ठेवल्यावर मी ती उतरवली, पदरानं पुसली, आणि म्हटलं, यंदा हे आपल्या तोंडानं सांगायचं. नितीनला. मग तो रागावो, काही होवो.

दिवाळीला ती तिघं आली. मनोहरनं सीतादही चार दिवस लांबवली. घरात त्याची धाकटी लेक, ती कॉलेजात गेली तरी तीच मागायची, एका हातात मोबाइल धरून. म्हणून त्याला हौस होती, की खऱ्या लहान लेकरानं मागावं. आम्ही पोचलो तर आर्वीला बघून त्याचं नेहमीचं सुरू.

"या, या! काय म्हणते आमचं तहसील?"

आर्वीचं नाव मृणालनं फोनवर शोधलेलं. तिला काय ठाऊक की आमच्या जिल्ह्यात त्या नावाचा तालुका आहे! बारशाला मनोहर म्हणाला होता, "बाप्पा! तालुक्याचं नाव ठेवलं पोट्टीचं? आता दुसरी झाली तं देवळी ठेवजा." तेव्हापासून ती त्याचं तहसील. आर्वी ओठ दाबून हसते आणि त्याच्या मागे मागे फिरते.

दुसऱ्या दिवशी शेतात गेलो तर दव होतं. तेच बसणं, तोच बांध. जाळ्यांवर तेच मणी, आणि दर्गा अजून खाली उतरलेला नव्हता. मृणाल जाळ्यांचे फोटो काढत ओळीत शिरली. मनोहर खडे निवडत होता. आर्वी माझ्या आणि नितीनच्या मध्ये बसून चपलेनं माती उकरत होती. मला क्षणभर कळेना, मी कितव्या वर्षी बसले आहे इथं. वाटलं, आता मागून आईच्या बांगड्या वाजतील. मी पिशवीत हात घातला आणि बाटली काढून नितीनच्या हातात ठेवली.

तो बघत राहिला. बाटली त्यानं तिरकी केली. सरकी वाळून हलकी झालेली, तिचा आवाजसुद्धा गेलेला.

"नितीन, मी चुकले रे," मी म्हटलं. घोकून आले होते सगळं, पण निघालं एवढंच. "तुझं तोंड मी बांधलं. आणि आता ह्या पोरीचं..."

तो दर्ग्याकडे बघत होता. ती मोकळी जागा आली. ह्या वेळी फार मोठी. माझ्या जिभेवर दहा गोष्टी आल्या ती भरायला. आणि कशी कोण जाणे, मी त्या सगळ्या गिळल्या, आणि तोंडातून एकच शब्द निघाला.

"मंग?"

नितीननं वळून माझ्याकडे पाहिलं. आणि बोलायला लागला.

"बाटलीचं मी आबाजींना सांगितलं होतं, आई. त्या सीतादहीच्या दिवशीच. त्यांनी विचारलं, 'काऊन नाई मांगतलं बापू?' मी सांगितलं. तर म्हणाले, 'हात्तिच्या! चाल, आपण दोघं मिळून शिकू.' आम्ही ओसरीवर बसून 'मला' शिकायचो. 'मला पाणी दे.' 'मला भूक लागली.' चार वाक्यं झाली की त्यांचं 'मले' यायचंच. मग कपाळावर हात मारून म्हणायचे, 'टाक बापू, माह्यी एक सरकी टाक.' तू दारात आलीस की गप्प बसायचे. मला म्हणायचे, 'तिले नको सांगजो. तिले वाईट वाटन.' मी त्यांच्या सरक्या मोजून लक्षात ठेवायचो, आणि घरी आलो की तुझ्या नकळत टाकायचो. ह्यातल्या निम्म्याच्या वर आबाजींच्या आहेत."

एवढं सगळं बोलताना तो एकदाही थांबला नव्हता.

मी बाटलीकडे पाहत राहिले. माझे बाबा. जन्मभर ज्यांनी कशाची घाई केली नाही, ते म्हातारपणी नातवाशेजारी बसून 'मला' घोकत होते. त्याला एकट्याला सरकी टाकावी लागू नये म्हणून. आणि मी समजत होते, रागावलेत. बाटली नितीननं मला परत दिली नाही. आपल्या पिशवीत ठेवली.

"हे काय होतं?" आर्वीनं विचारलं.

"तुझ्या पणजोबांचा अभ्यास," नितीन म्हणाला.

मनोहरनं बोंडाला हाताची पालथी बाजू लावली. अगदी बाबांसारखी. त्यालाही ठाऊक नसेल की तो तसं करतो. "सुकलं," म्हणाला. "चाल वं तहसील. पाठ झालं नं काल? माग आता."

आर्वी झाडापुढे उभी राहिली. कुडत्याची ओटी केली. तोंड उघडलं. आणि थांबली.

तेच झाड वाटावं, तोच चेहरा. मृणालचे ओठ हलायला लागले, तिला शब्द पुरवायचे होते. मी तिचा हात धरला. कोणी पुढच्या बाकावर गेलं नाही. तिथं पुढचा बाकच नव्हता, दूरपर्यंत नुसती पऱ्हाटी होती, आणि तिला कसलीच घाई नव्हती. एक ढग आला, त्याची सावली शेतावरून सरकत पलीकडे उतरली. आर्वीनं मान वळवून बापाकडे पाहिलं. नितीन तिच्याशेजारी उकिडवा बसला.

"मंग?" म्हणाला. हळूच.

"मले दे," आर्वी म्हणाली. आधी बारीक. मग छाती भरून. "मले दे! पाखराले दे! वाटसराले दे!" बांधावरच्या कडुलिंबावरून दोन साळुंक्या उडाल्या. वाटलं, झालं. तर ती पुन्हा थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली,

"आजीले दे."

"हे तं रीतीत नाई!" मनोहर ओरडला.

"राहू द्या मामा," नितीन म्हणाला.

पहिल्या बोंडाचा कापूस मनोहरनं तिच्या ओटीत टाकला. झाडाला गुंडाळायचा म्हणून. तिनं अर्धा गुंडाळला. अर्धा घेऊन ती ओळीतून माझ्याकडे आली, माझा पदर स्वतःच पसरला, आणि त्यात ठेवला. कोरडा होता, उन्हानं कोमट झालेला. आत सरकी होती.

"आजी, मिळालं?"

मी बोलायला गेले, आणि थांबले. सवयीनं 'मला' येत होतं. तोंडाशी आलंच होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. तिला घाई नव्हती.

"हो वं माय," मी म्हटलं. "मले भेटलं."